पोट भरल्याचा निरोप

त्या हंगामात बिरू मासाळच्या कळपात कोकरं जन्मली, पण त्यांना आया मिळाल्या नाहीत.

मेंढ्या व्यायल्या सगळ्या नीट. एकही अडली नाही, एकही दगावली नाही. पण कोकरू मातीवर पडलं की मेंढी मान वळवून एकदा त्याच्याकडे बघायची, वाटेतल्या दगडाकडे बघावं तशी, आणि पुन्हा रवंथ करत उभी राहायची. चाटणं नाही, हुंगणं नाही, घशातल्या घशात घुमणारा तो हळवा आवाज नाही. ओलं कोकरू धडपडत उठायचं, कासेकडे तोंड न्यायचं. मेंढी त्याला ढुशीसुद्धा द्यायची नाही. नुसती दोन पावलं पुढे सरकायची. कोकरू पुन्हा धडपडायचं, ती पुन्हा सरकायची. थोड्या वेळाने कोकरू उठणंच बंद करायचं.

बिरूने बहिणीला फोन लावला. "वैजे, मेंढ्यांस्नी काय झालंय कळंना. ताप न्हाई, हगवण न्हाई, चरत्यात बी चांगल्या. पण पोरांला वळखंनात. तू ये बाई एकडाव."

वैजयंता मासाळ मिरजेजवळच्या एका संशोधन केंद्रात जनावरांच्या मेंदूतल्या रसायनांवर काम करायची. जतकडच्या धनगरांच्या घरातली ती पहिली डॉक्टर, म्हणजे पीएचडीवाली. गावात मात्र तिला मेंढ्यांचीच डॉक्टर समजत, आणि तिने कधी कुणाचा गैरसमज दूर केला नव्हता. सकाळीच ती गाडी घेऊन निघाली.

तासगावच्या अलीकडे द्राक्षबागांच्या ओळींमध्ये बिरूचा तळ होता. वर फवारणीचे ड्रोन घिरट्या घालत होते आणि खाली मेंढ्या तण खात फिरत होत्या. काही वर्षांपूर्वी असं दृश्य कुणी स्वप्नातही बघितलं नसतं. तेव्हा फवारलेल्या बागेच्या बांधालाही मेंढपाळ कळप फिरकू देत नसत. वैजयंताच्या वडिलांचा अर्धा कळप असाच फवारलेला पाला खाऊन आडवा झाला होता. तोंडाला फेस, पाय ताणलेले. लहानग्या वैजयंताने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. ती या शास्त्राकडे वळली ती त्या दिवसामुळेच.

आणि मग 'तृप्तक' आलं.

तृप्तक कुणालाच मारत नव्हतं, हीच त्याची ख्याती. किड्यांच्या मेंदूत ऑक्टोपामाइन नावाचं रसायन असतं. भूक, हुशारी, धावपळ यांचा कारभार ते सांभाळतं. तृप्तक त्या कारभारात हात घालायचं आणि किड्याच्या मेंदूला खोटाच निरोप द्यायचं की पोट भरलं. फुलकिडे पानावर बसून राहायचे, पण पान खायचे नाहीत. काही दिवसांनी आपोआप गळून पडायचे. शेळ्या-मेंढ्या, गाई-म्हशी, माणसं यांच्या शरीराचा कारभार ऑक्टोपामाइनवर चालत नाही. त्यामुळे त्यांना धोका नाही, असं तृप्तक शोधणाऱ्या, वैजयंताच्याच केंद्रातल्या डॉ. सुमित्रा चांदोरकर सांगत.

चांदोरकर मॅडम म्हणजे वैजयंताचं सर्वस्व. कॉलेजात असताना तिला विषमज्वर झाला, तेव्हा मॅडम तिला वसतिगृहातून उचलून स्वतःच्या घरी घेऊन गेल्या होत्या. मुगाचं पाणी स्वतःच्या हाताने पाजलं होतं. पुढे दोन वर्षं ती त्यांच्याच घरी राहिली. तृप्तक बाजारात यायच्या आधी मॅडमनी तिला बोलावून सांगितलं, "बागेत मेंढ्या चरल्या तर शेतकऱ्याचं तण जाईल, खत मिळेल, मेंढपाळाला बारा महिने चारा मिळेल. पण तुझी माणसं माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत. तू सांगशील त्यांना?"

वैजयंताने सांगितलं. तळातळावर जाऊन, घोंगड्यावर बसून, हातात हात घेऊन सांगितलं. "माझ्या भरवशावर चारा," म्हणाली. आणि माणसांनी चारलं.

आता ती बिरूच्या कळपात उभी होती आणि तिच्या पायाशी एक कोकरू थरथरत होतं. तिने ते उचलून त्याच्या आईच्या नाकाशी धरलं. मेंढीने वास घेतला. नाकपुड्या हलल्या, म्हणजे वास आत पोचला. तिने तोंड फिरवलं.

"बगितलंस?" बिरू म्हणाला. "द्वाडपणा आसता तर लाथ मारली आसती. ह्यांला कायच न्हाई. आसपासच्या तळांवर बी आसंच चाललंय."

झाडाखाली तिची वहिनी अंबिका बसली होती. दिवस भरत आले होते तिचे. आठवड्यापूर्वीपर्यंत ती याच बागेत घडांच्या विरळणीला जात होती. एरवी वैजयंताला लांबून बघितलं की अंबिका ओरडत पुढे यायची. पहिल्या पाच महिन्यांत तर तिने फोन करून करून भंडावून सोडलं होतं. वन्सं, मुलगी झाली तर नाव काय ठेवायचं? वन्सं, बाळाला झबली सुती आणू का? आज ती नुसती हसली.

"कसं वाटतंय, वैनी?"

"बरं हाय की."

"तयारी झाली सगळी?"

"हुईल तवा हुईल." अंबिका समोरच्या डोंगराकडे बघत राहिली. चेहऱ्यावर दुःख नव्हतं, काळजी नव्हती. पोटभर जेवून उठलेल्या माणसाचा असतो तसा चेहरा होता.

वैजयंताच्या मनात काहीतरी टोचलं. पण तिने दोन गाभण मेंढ्या टेम्पोत चढवल्या आणि ती केंद्राकडे निघाली.

*

मेंढीचं आईपण हा काही हळूहळू जमणारा प्रकार नसतो. व्यायच्या आदल्या दिवसापर्यंत तिला कोकराचा, वारेचा वाससुद्धा नकोसा असतो. पण पिल्लू बाहेर येताना गर्भाशयाचं तोंड ताणलं जातं, त्याची खबर मेंदूला जाते आणि मेंदूत ऑक्सिटोसिनचा लोंढा सुटतो. त्याच्या मागोमाग डोपामाइन येतं. ज्या वासाने ती तोंड फिरवत होती, तोच वास तिला एकाएकी हवाहवासा होतो. ती चाटत सुटते आणि चाटता चाटता त्या एकाच कोकराचा वास कायमचा मेंदूत कोरून घेते. ही खिडकी फार थोडे तास उघडी असते. तेवढ्यात ओळख पटली तर जन्माची, नाही तर कधीच नाही.

केंद्रातल्या यंत्राला हा लोंढा दिसायचा. मेंढीच्या कवटीतून केसाएवढी काचेची तार आत सोडलेली असायची. मेंदूत ते रसायन सुटलं की तार उजळायची आणि पडद्यावर रेष उसळायची. वैजयंताने कितीदा ही रेष बघितली होती, आणि दर वेळी तिच्या अंगावर काटा यायचा.

बिरूची पहिली मेंढी दुपारी व्यायली. ऑक्सिटोसिनची रेष हलली, पण अर्ध्यातच खाली बसली. डोपामाइनची रेष सपाट राहिली.

तिने मेंढीच्या रक्ताची आणि लघवीची तपासणी केली तेव्हा उत्तर सापडलं. तृप्तक जसंच्या तसं मेंढीला खरंच काही करत नव्हतं. पण मेंढीचं यकृत ते फोडायचं आणि त्यातला एक तुकडा मेंदूत शिरून बसायचा, नेमका हवंसं वाटण्याच्या जागी. गवताची भूक पोट सांभाळतं, रक्तातली साखर सांभाळते, म्हणून मेंढ्या चरत होत्या. पण माया हीसुद्धा भूकच आहे, आणि तिला दुसरा कुणी सांभाळणारा नाही. किड्याला मिळत होता तोच निरोप मेंढीला मिळत होता. पोट भरलं. आता काही नको, कुणी नको.

त्याच संध्याकाळी बिरूचा फोन आला. अंबिकाला मुलगी झाली होती. आवाजात आनंद नव्हता.

*

सरकारी दवाखान्याच्या खाटेवर अंबिका भिंतीला टेकून बसली होती. बाळ शेजारच्या पाळण्यात रडून रडून लाल झालं होतं. बिरू दाराशी उभा होता, हात कुठे ठेवावेत हे न कळल्यासारखा.

"रडतंय, वैनी," वैजयंता म्हणाली.

"व्हय. कवाधरनं रडतंय."

"घ्या की जवळ."

अंबिकाने बाळ घेतलं. कुणी पिशवी धरायला दिली तर धरावी तसं धरलं. सांगितलं म्हणून पाजायला घेतलं. मग ती वैजयंताकडे बघून अगदी सरळ आवाजात म्हणाली, "वन्सं, मला कायबी वाटंना झालंय. वाईट बी वाटंना. सगळी म्हणत्यात आईला कसं वाटतं न्हाई? म्या तरी काय सांगू?"

बिरू बाहेर निघून गेला. वैजयंता त्याच्या मागे गेली तेव्हा तो नळाखाली तोंड धूत होता, बराच वेळ.

"माझी बायको आसली नव्हती, वैजे," तो म्हणाला. "तू वळखतीस तिला. नव्हती ना आसली?"

वैजयंता तिथून थेट मॅडमच्या घरी गेली. दुसरीकडे कुठे जायचं हे तिला सुचलंच नसतं. मॅडम बागेत मोगऱ्याला पाणी घालत होत्या. तिचा चेहरा बघून त्यांनी झारी खाली ठेवली. वैजयंता सगळं भडाभडा बोलली. कोकरं, सपाट रेष, अंबिका, बाळ. बोलता बोलता रडायला लागली. मॅडमनी तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला.

"घाबरू नकोस," त्या म्हणाल्या. "बागेतून लांब ठेव तिला. महिना-दीड महिन्यात उतरतं ते."

वैजयंताचं रडणं थांबलं. तिने मान वर केली.

"काय उतरतं, मॅडम?"

मॅडमचा हात पाठीवरच थबकला.

"तो तुकडा मला आज सापडला. अजून मी कुणालाही दाखवलेला नाही. तो किती दिवसांत उतरतो ते तुम्हाला कसं माहीत?"

 मग मॅडमनी वेताची खुर्ची ओढली आणि शांतपणे बसल्या. खोटं बोलायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. वैजयंताला पुढे कित्येकदा वाटलं, केला असता तर बरं झालं असतं.

"आम्हाला आधीच दिसलं होतं," त्या म्हणाल्या. "सुरुवातीच्या चाचण्यांत. सगळ्याच मेंढ्यांमध्ये नाही. डोस जास्त झाला तर."

"आणि तुम्ही ते झाकलंत."

"जुनी औषधं आठव. फवारता फवारता माणसं मरत होती, वैजयंता. तुझ्या वडिलांच्या मेंढ्या कशा मेल्या ते तूच मला सांगितलंस. हे औषध मारत नाही. थोडे दिवस एक भावना मंदावते आणि पुन्हा येते. माझ्यासमोर दोन पारडी होती. मी एक निवडलं."

"भावना पुन्हा येते. पण वेळ पुन्हा येत नाही, मॅडम. दीड महिन्याने मेंढीला मायेची भूक लागेल, तोवर कोकरू कुठे असेल?"

मॅडमनी झारी उचलून खुर्चीशेजारी ठेवली.

"मला का नाही सांगितलंत?" तिने विचारलं. "निदान मला?"

"कारण तू त्यांना सांगितलं असतंस," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या स्वरात वैर नव्हतं. बीजगणितातली एखादी पायरी समजावून सांगावी तसं त्या म्हणाल्या, "आणि तुझ्याशिवाय त्यांनी दुसऱ्या कुणाचं ऐकलं नसतं."

मुगाचं पाणी पाजणारे ते हात वैजयंता बघत राहिली. तेव्हाची माया खरी होती का, की तेव्हाही कुठे तरी हा हिशेब चालू होता? विचारावंसं वाटलं, पण उत्तर कोणतंही आलं असतं तरी तिचा विश्वास बसला नसता. ती फाटक उघडून बाहेर पडली.

*

आठवड्याभराने, इथल्या भागात वर्षभर विकून झाल्यावर, तृप्तक राज्यभर विक्रीला काढण्याचा समारंभ होता. तालुक्याच्या गावी मंगल कार्यालयात मांडव घातला होता. पुढे बागायतदार, मागे मेंढपाळ, आणि बोलणाऱ्यांत वैजयंता. यादीतून तिचं नाव कुणी वगळलं नव्हतं. ती येणार नाही असं मॅडम धरून चालल्या असाव्यात, किंवा येऊन गप्प बसेल असं.

ती माइकसमोर उभी राहिली आणि आपल्या माणसांशी आपल्या बोलीत बोलली. "म्या तुमाला सांगितलं हुतं, बागंत चारा, कायबी हुत न्हाई. ते खरं न्हाई. तुमची कोकरं ह्या औषधानं मेली. मेंढ्या वाईट न्हाईत, तुमचा बी कायच दोष न्हाई." मग तिने यकृत, तो तुकडा, मेंदू सगळं सोपं करून सांगितलं. 

पहिल्या रांगेतले सगरे अण्णा उठले. बिरूचा तळ ज्यांच्या बागेत होता, ते हेच. "म्हंजे आता परत जुनं इष मारायचं का आमी? माझा सख्खा भाऊ गेलाय फवारताना. मला सांगा, काय मारू?"

"ते मला बी ठावं न्हाई, अण्णा," वैजयंता म्हणाली. मागून एक म्हातारा मेंढका ओरडला, "तवा तर लई गोड बोललीस गं! आता काय, पुढाऱ्यावाणी माफी मागून सुटायचं व्हय?"

तेव्हा मॅडम उठल्या. त्यांनी माइक हळूच आपल्याकडे घेतला आणि दुसरा हात वैजयंताच्या खांद्यावर ठेवला.

"ही माझ्या मुलीसारखी आहे," त्या म्हणाल्या. "तिचा राग धरू नका. तिच्या घरी सध्या अवघड प्रसंग आहे. तिची वहिनी नुकतीच बाळंत झाली आहे आणि बाळाला जवळ घ्यायला तयार नाही. बाळंतपणानंतर काही बायकांच्या मनाचं असं होतं. जवळच्या माणसाचं दुःख बघून शास्त्रज्ञाचाही तोल जातो. आपण सगळ्यांनी तिला सांभाळून घेऊ."

मांडवभर कुजबुज पसरली. बिरूची बायको. लेकराला घेत न्हाई म्हणं. माना वळल्या. बिरू मागच्या रांगेत बसला होता. तो उठला, पटका सारखा केला, आणि कुणाकडेही न बघता बाहेर पडला. दारात त्याने एकदाच मागे बघितलं, मॅडमकडे नाही, बहिणीकडे.

मांडवातल्या कुणालाच घरातली ही गोष्ट ठाऊक नव्हती. मॅडमना ती तिनेच सांगितली होती, रडता रडता, त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून.

*

त्यानंतर बिरूने तिचे फोन घेतले नाहीत. आसपासच्या तळांवर अंबिकाला बायका नावं ठेवायला लागल्या. कुणी तिच्या हातचं पाणी घेईना.

अंगात गेलेलं औषध केसांत महिने-महिने टिकतं, म्हणून वैजयंता बागेत राबणाऱ्या बायकांकडे केसांचे नमुने मागत होती; कुणी देईना. पण अंबिकाने स्वतःच फोन केला. "वन्सं, तुमाला केसं लागत्यात म्हणं तपासाया. माझी न्या. म्या येडी हाय का मला औषध लागलंय, एकदा कळू द्या." तिने दिले म्हणून तिच्याबरोबर विरळणीला जाणाऱ्या बायकांनीही दिले. वैजयंताने केंद्र सोडलं आणि नमुने दुसऱ्या राज्यातल्या प्रयोगशाळेत नेले. बागेत काम केलेल्या प्रत्येकीच्या केसांत तो तुकडा निघाला. अंबिकाच्या केसांत सर्वांत जास्त.

मग चौकशी समिती बसली. समितीने तृप्तकशी संबंध आलेल्या सगळ्यांचे केस मागवले, फवारणाऱ्यांचे, बागायतदारांचे, केंद्रातल्या शास्त्रज्ञांचेसुद्धा. विक्री थांबली. कायमची नाही, अधिक अभ्यास होईपर्यंत. सगरे अण्णांनी त्या वर्षी जुनंच औषध मारलं आणि बिरूला बागेतून उठायला सांगितलं. मॅडमना केंद्राने सन्मानाने निवृत्त केलं.

बिरूचा तळ आता जतकडच्या माळावर होता. वैजयंता न बोलावता गेली. बिरूने तिला बघून घोंगडं टाकलं, पाणी दिलं, पण तो बसला नाही. "मेंढ्या लांब गेल्यात," म्हणाला आणि निघून गेला. मेंढ्या समोरच चरत होत्या.

अंबिका बाळाला पाजत होती. बाळाने तिचं बोट मुठीत घट्ट धरलं होतं आणि ती बाळाच्या टाळूचा वास घेत होती, पुन्हा पुन्हा, चोरट्यासारखा.

"आता वाटतंय, वन्सं," ती म्हणाली. "लई वाटतंय. रानात गेली तरी हिकडंच जीव आसतो." मग तिचा चेहरा उतरला. "पण कवा कवा बाळ मला बगतंय ना, तवा भ्या वाटतंय. ते रडत हुतं आन् म्या भिताडाकडं बगत हुते, ते ह्याला ठावं आसंल का?"

"तुमचा दोष नव्हता, वैनी. तुमच्या अंगात होतं ते. केसांत निघालंय."

"व्हय. ते कळल्यावर जरा जिवाला बरं वाटलं." अंबिकाने पदर सारखा केला.  मग जरा अडखळत, वैजयंताच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "मग वन्सं, तुमच्या त्या म्याडमला बी तसंच झालं आसंल का? कितींदा त्या औषधात हात घातला आसंल त्यांनी. म्हणून तुमच्यासंगं आसं वागल्या आसत्याल?"

वैजयंताने माळाकडे बघितलं. समितीने केंद्रातल्या लोकांच्या केसांचे निकाल जाहीर केले, तेव्हा मॅडमचं नाव तिने सर्वांत आधी शोधलं होतं. तिथे एखादा आकडा असावा, कितीही लहान, असं तिला फार वाटलं होतं.

"नाही, वैनी," ती म्हणाली. "त्यांच्या केसांत काहीच निघालं नाही."